सोनेरी माशांचा रंग व शेवाळ

हौसेनें आणलेल्या सोनेरी माशांचा केशरी रंग कांहीं महिन्यांत उतरावा, हा अनुभव पुष्कळ घरांत येतो. कांहीं मासे जातीनेंच पांढरे होतात. त्यांस इलाज नाहीं. परंतु इतरांच्या बाबतींत पाण्याला बोल लावण्यापूर्वीं अन्नाकडे पाहावें, असें आम्हांस वाटतें.

तांबडा, केशरी व पिवळा रंग देणारीं कॅरोटिनॉइड द्रव्यें माशाला स्वतःच्या शरीरांत मुळापासून तयार करतां येत नाहींत. गाजराचा रंग याच कुळांतला. तळ्यांत हीं द्रव्यें मुख्यतः शेवाळापासून येतात. शेवाळ बारीक जीव खातात आणि त्यांना मासे. कांचपात्रांत ही साखळीच तुटते.

ती सांधण्यास स्पिरुलिनाचें चूर्ण असलेलें खाद्य उत्तम. शास्त्रज्ञ स्पिरुलिनाची गणना आतां जीवाणूंत करतात, पण बाजारांत तें शेवाळ म्हणूनच मिळतें. मेक्सिकोंतील टेक्सकोको सरोवरावरचें असलें शेवाळ ॲझ्टेक लोक वाळवून खात असत. त्यांतील झिॲझॅन्थिन या पिवळ्या द्रव्याचें सोनेरी मासा तांबूस ॲस्टॅझॅन्थिनांत रूपांतर करतो. हिरवी पूड खाऊन मासा केशरी व्हावा, ही किमया मुलांस अवश्य समजावून द्यावी! नेहमींच्या अन्नाच्या जोडीला आठवड्यांतून दोन-तीनदां, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. रंग चढण्यास कांहीं आठवडे लागतात. ज्या घरांत आजीबाईंना जिवंत किडे खपत नाहींत, तेथें ही सोय लहान नव्हे.

जपानांतील रांचू जातीचे मासे पाळणारे तर पाणी उन्हांत मुद्दाम हिरवें होऊं देतात. आपल्याकडे तें पाहतांच कोणीतरी पात्र घासावयास घेईल!

मात्र सर्वच रंग अन्नांतले नव्हेत. नियॉन टेट्राची निळी रेघ त्वचेंतील सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित झाल्यानें दिसते. शेवाळानें ती उजळावी ही अपेक्षा व्यर्थ.

इतका धीर नसलेल्या गिऱ्हाइकांसाठीं व्यापाऱ्यांनीं एक क्रूर मार्ग काढला आहे. आपल्याच देशांतील नद्यांत आढळणाऱ्या पारदर्शक कांचमाशाच्या अंगांत सुईनें कृत्रिम रंग टोचून तो विकतात. टोचतांना रोग जडण्याचें भय असतें, आणि तो रंगही पुढें उडून जातो. मुलांनीं असा मासा मागितल्यास वडील माणसांनीं तो घेऊं नये, आणि त्याचें कारण दुकानांतच, विक्रेत्याच्या कानावर पडेल अशा आवाजांत सांगावें.