कर्ज चालते, मदत का चालत नाही?

आपल्या समाजात एक चमत्कारिक अभिमान आहे आणि त्याची किंमत आपली मुले भरीत आहेत. मुलाच्या कॉलेजसाठी सरकारकडे अनुदान मागायचे म्हटले की आपल्या मंडळींची मान खाली जाते. त्याच मुलासाठी आठ-नऊ टक्के व्याजाने कर्ज काढायचे म्हटले की तीच मंडळी ताठ मानेने सही करतात. हा न्याय आम्हाला कधी समजला नाही.

जर्सी सिटीत आणि आसपास राहणाऱ्या आपल्या घरांतून ठरावीक उत्तरे ऐकू येतात. "आम्हाला कोण देणार? आम्ही दोघे नोकरी करतो." "घर आहे ना आमचे, मग कसली मदत!" "आपली मिळकत परक्या माणसाला कशाला दाखवायची?" आणि शेवटी, जरा आवाज चढवून, "आपण देणारे लोक, घेणारे नव्हे." हे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या विद्यार्थी-मदतीचा अर्ज, उघडूनही पाहिलेला नसतो.

आम्ही जन्मभर नर्सिंग केले. लाजेपोटी दुखणे लपवणारा रोगी आम्ही पुष्कळ पाहिला. डॉक्टर विचारतात तेव्हा "काही नाही, ठीक आहे" म्हणतो आणि आठ दिवसांनी स्ट्रेचरवरून परत येतो. या अर्जाच्या बाबतीत आपली घरे नेमकी तशीच वागतात.

देणारे आणि घेणारे ही भाषा तर मुळातच खोटी आहे. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढली, ती काय केवळ आपल्या लोकांच्या आण्या-पैशांवर चालली? लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत तिला होती. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांचेच नाव शाळेला लागले. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतली किती मुले त्या मदतीवर अक्षर शिकली! त्यांना कोणी भिकारी म्हटले नाही. आम्ही स्वतः सरकारी इस्पितळात नर्सिंग शिकलो तेव्हा दरमहा विद्यावेतन घेतले, वसतिगृहात राहिलो. मग इथेच, ज्या सरकारला आपण इतकी वर्षे टॅक्स भरला, त्याच्यापुढे अर्ज करताना हात का थरथरावा?

मिळकत दाखवण्याचा प्रश्न तर आता उरलेलाच नाही. टॅक्स खात्याला तुमची मिळकत ठाऊकच आहे, आणि २०२४-२५ च्या अर्जापासून ती माहिती तुमच्या संमतीने थेट तिथूनच घेतली जाते. संमती मात्र प्रत्येकाला स्वतः द्यावी लागते. बाप ती अडवून बसला तर मुलाचे केंद्राचे अनुदान जाते. गुप्तता राखल्याचे समाधान बापाला आणि भुर्दंड पोराला.

घराची भीतीही बरीचशी अज्ञानातून आलेली. आपण राहतो ते घर आणि निवृत्तीच्या खात्यातली शिल्लक फाफ्साच्या हिशेबात धरीत नाहीत. काही खाजगी कॉलेजे सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा अर्ज मागतात, त्यात घराचीही चौकशी होते, हे खरे. पण म्हणून पहिला अर्जच न करणे म्हणजे पावसाच्या भीतीने वर्षभर घरात बसणे.

आता मिळते काय ते पाहू. पेल अनुदान २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होते, ते फेडायचे नसते. त्याखेरीज न्यू जर्सी राज्याचे ट्यूशन एड ग्रँट आहे, आणि ते राज्यातल्या खाजगी कॉलेजांतही चालते, म्हणजे आपल्या केनेडी बुलेव्हार्डवरच्या सेंट पीटर्समध्येही. शेजारच्या न्यूआर्कमध्ये १९६७ साली दंगल झाली, त्यानंतर १९६८ मध्ये राज्याने एज्युकेशनल अपॉर्च्युनिटी फंड सुरू केला. कमी मिळकतीच्या घरातल्या मुलांना त्यातून पैसा मिळतो, शिवाय अभ्यासाला मदतही. ६५,००० डॉलरपर्यंत मिळकत असलेल्या घरांसाठी काउंटी कॉलेजची फी माफ करणारी योजना २०२१ मध्ये कायद्यात आली. तिचे तपशील अंदाजपत्रकाप्रमाणे बदलतात, म्हणून दरवर्षी विचारून घ्यावे. या सगळ्यांची वाट त्याच एका अर्जातून जाते.

काउंटी कॉलेजचे नाव काढले की आपल्याकडे नाके मुरडतात. जर्नल स्क्वेअरला, पाथ गाडीच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, हडसन काउंटी कम्युनिटी कॉलेज आहे. पण तिथे मुलगी शिकते हे लग्नाच्या हॉलमध्ये सांगायला जड जाते ना! राज्याच्या २००७ च्या कायद्यामुळे तिथली दोन वर्षांची पदवी घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात पुढची दोन वर्षे करता येतात, आणि अखेर हाती येणारी पदवी त्या विद्यापीठाचीच असते. वॉर्डात आमच्या बरोबरीने काम केलेल्या कितीतरी उत्तम नर्सेस काउंटी कॉलेजात शिकलेल्या होत्या. रोग्याने कधी त्यांना कॉलेजचे नाव विचारले नाही.

लांबच्या नामांकित कॉलेजच्या पत्राने मात्र घर हुरळून जाते. पत्रात 'मदत' या एकाच शब्दाखाली अनुदानही असते आणि कर्जही. ते वेगळे काढून वाचायला हवे, ते वाचीत नाहीत. मग उरलेल्या रकमेसाठी आई-बाप पेरेंट प्लस कर्जावर सही करतात. २०२५-२६ साठी त्याचा व्याजदर ८.९४ टक्के होता. वर चार टक्क्यांहून अधिक रक्कम आधीच कापून घेतात, म्हणजे २०,००० डॉलर मंजूर झाले तर आठशेहून जास्त डॉलर हाती येण्यापूर्वीच गेले. मुलाच्या स्वतःच्या सरकारी कर्जाचा दर त्याच वर्षी ६.३९ टक्के होता, आणि पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरांची मर्यादाही होती. "पोराच्या डोक्यावर ओझे नको" म्हणून आई-बाप महाग कर्ज घेतात, निवृत्तीच्या तोंडावर, आणि मग ते ओझे पोरानेच उचलायचे असते. ऋण काढून सण करणे यालाच म्हणतात. खुद्द सरकारलाही आवर घालावासा वाटला; २०२५ च्या कायद्याने या कर्जाला १ जुलै २०२६ पासून एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरांची मर्यादा घातली.

इस्राएलमधल्या आमच्या नातलगांना हे सारे ऐकून नवल वाटते, कारण तिथे सरकारी विद्यापीठांची फी ठरलेली असते. इथे तसे नाही. इथे विचारील त्याला मिळते. न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत.

आणखी एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. अर्जात दोन वर्षांपूर्वीची मिळकत धरतात. मधल्या काळात नोकरी गेली, कोणी अंथरुणाला खिळले, तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला कागदपत्रे दाखवून फेरविचार मागता येतो. तो अधिकार त्यांना कायद्याने दिलेला आहे. न मागता कोणी तो वापरणार नाही.

ज्यांची मिळकत खरोखरच मोठी आहे त्यांना अनुदान मिळणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण मुलाच्या नावचे कमी व्याजाचे कर्जही फाफ्साशिवाय मिळत नाही.

आणि आपल्या मंडळांना काय म्हणावे? दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो, शाल, भेटवस्तू, फोटो आणि शे-दोनशे डॉलरांचे पाकीट. एखाद्या कुटुंबाशेजारी तासभर बसून अर्ज भरून देणारा मात्र कोणी नाही. येत्या ऑक्टोबरमध्ये सत्कार रद्द करा आणि दोन रविवार हॉल उघडा. ज्यांच्या मुलांनी अर्ज भरलेले आहेत त्यांनी बसावे. येणाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वीचे टॅक्स रिटर्न, मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर, हिरवे कार्ड असल्यास ते, आणि बँकेची ताजी पत्रके आणावीत. आई किंवा वडिलांनी स्वतः यावे, कारण संमतीची सही मुलाला करता येत नाही. नुसता केंद्राचा अर्ज धाडून भागत नाही. राज्याचे जादा प्रश्न असतात, तेही तिथेच पुरे करावेत. राज्याच्या अनुदानासाठी नव्या अर्जदारांची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत असते आणि आधीपासून घेणाऱ्यांची १५ एप्रिलपर्यंत. मोठ्या भावाचे अनुदान चालू असेल तर त्याची एप्रिलची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावी.