‘काय तक्रार आहे?’, पण कोणत्या भाषेत?

‘तक्रार’ हा शब्द मराठी माणूस दोन ठिकाणी हमखास वापरतो: कचेरीत आणि दवाखान्यात. कचेरीत अन्यायाची तक्रार, दवाखान्यात पोटाची. मुळात हा अरबी शब्द; त्याचा अर्थ पुनरावृत्ती. हैदराबादच्या उर्दूत मात्र ‘तकरार’ म्हणजे वादावादी, भांडण. मराठी म्हातारा डॉक्टरांसमोर ‘माझी एक तक्रार आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो भांडायला आलेला नसून त्याचे पोट दुखत आहे, हे समोरच्याला कळायला मराठी कानच हवा.

या शब्दाने आम्हांला विचारात पाडले ते आणखी एका कारणाने. भारतीय संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क दिला आहे. सीमाभागातील आम्ही मंडळी हा अनुच्छेद गेली कित्येक वर्षे निवेदनांच्या शिरोभागी लिहीत आलो. कचेरीतील तक्रारीसाठी आपण भांडलो, शाळेसाठी भांडलो, पाट्यांसाठी भांडलो. दवाखान्यातील तक्रारीसाठी मात्र आपण कधी साधे निवेदनही दिले नाही.

हैदराबादेतील मलकपेठ हा भाग आपल्यापैकी अनेकांना रुग्णाच्या निमित्तानेच ठाऊक आहे. नांदेडकडून येणाऱ्या गाड्या काचिगुड्याला थांबतात. तेथून मलकपेठ जवळ. शहरातील मोठी शासकीय व खासगी रुग्णालये येथून आवाक्यात, म्हणून रुग्णाचे नातेवाईक या परिसरातील खोल्यांत आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस राहतात. त्यांत नांदेड, परभणी, लातूरचे लोक असतात; मुधोळ-भैंसा, जुक्कल, मदनूरकडील मराठी कुटुंबे असतात; बिदर, भालकी, औरादचीही असतात. कागद वाचून दाखवण्यासाठी आम्हां कार्यकर्त्यांना बोलावणे येते ते बहुधा अशाच एखाद्या खोलीतून.

मागे असेच एक बोलावणे आले. भैंशाकडील एक आजी शहरातील एका रुग्णालयातून शस्त्रक्रिया होऊन नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. घरी जाताना मिळालेला कागद इंग्रजीत होता, तोंडी सूचना तेलुगूत आणि थोड्या हिंदीत दिलेल्या होत्या, आणि त्या सूचना ऐकून घेणारी होती त्यांची बारा वर्षांची नात. कारण घरात तिलाच शाळेमुळे तेलुगू येते. दुसऱ्या दिवशी आजींना जुलाब होऊ लागले. सुनेने रुग्णालयात दूरध्वनी करून ‘जुलाबाचे औषध’ विचारले. पलीकडच्या माणसाने उर्दूच्या अंगाने अर्थ लावला, आणि उर्दूत जुलाब म्हणजे रेचक. पोट साफ होण्याचे औषध त्याने सांगितले. औषधाच्या दुकानातील माणूस मूळचा देगलूरकडचा निघाला. ‘ताई, पोट साफ होत नाही, की थांबत नाही?’ असे त्याने विचारले म्हणून निभावले.

यात दोष कोणाचा? पलीकडचा माणूस आपल्या भाषेप्रमाणे बरोबर होता, सून आपल्या भाषेप्रमाणे. दोघांच्या मध्ये जे माणूस असायला हवे होते, ते तेथे नेमलेलेच नव्हते.

शरीराची भाषा ही पाठ्यपुस्तकातील भाषा नव्हे. मराठीत वेदना एक नसते. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, टोचते, आग होते, मुंग्या येतात, पोटात गोळा उठतो. या प्रत्येक शब्दात निदानाचा धागा असतो. ‘दर्द है’ एवढ्यात तो तुटतो. ‘पित्त झाले’ म्हणजे घशाशी आंबट येणे, आणि ‘पित्त उठले’ म्हणजे अंगावर गांधी येणे. हिंदी जाणणारा दोन्ही वेळा यकृताकडे पाहील. स्त्रियांच्या बाबतीत तर अडचण दुहेरी. ‘दिवस गेले’, ‘अंगावरून जाते’, ‘पोट पडले’, ‘ती मोकळी झाली’ ही वाक्ये शब्दशः उलथवली तर त्यांतून काहीच हाती लागत नाही. आणि बाई ती उघड करून सांगणार नाही, कारण लाजेसाठीच तर भाषेने हे आडपडदे घडवले. अशा वेळी दुभाषा म्हणून मुलगा किंवा दीर उभा असेल, तर ती गप्प बसते. तिचे मौन केसपेपरवर ‘तक्रार नाही’ म्हणून उतरते.

ही स्थिती आजची नाही. निजामाच्या राजवटीत उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमाने उभे राहिले. त्यासाठी भाषांतरखाते स्थापून शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले गेले आणि पुढे वैद्यकाचे शिक्षणही त्याच भाषेत दिले गेले. एका भारतीय भाषेत आधुनिक वैद्यक शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण संस्थानातील बहुसंख्य रुग्ण तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे होते. डॉक्टरांची भाषा बदलली, रुग्णाची जागा बदलली नाही. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. आदिलाबादमधील राजुरा, किनवट इकडे आले. भाषेच्या तत्त्वावर आखलेल्या त्या रेषेने अनेक घरांच्या रुग्णांना परभाषिक दवाखान्यांच्या स्वाधीन केले.

आज आरोग्यव्यवस्थेचे धुरीण सर्वप्रथम सांगतात ती मनुष्यबळाची टंचाई. ती खरी आहे. २०३० पर्यंत जगात सुमारे १ कोटी आरोग्य कर्मचारी कमी पडतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. प्रशिक्षित परिचारिका परदेशी जातात, ग्रामीण रुग्णालयांतील जागा रिकाम्या राहतात, आहेत त्यांच्यावर दुप्पट भार पडतो. म्हणून भाषेचा विषय काढला, की उत्तर तयार असते: ‘अहो, येथे माणसेच नाहीत, तुम्ही भाषा कुठे घेऊन बसलात?’

आमचे म्हणणे असे, की भाषा हा मनुष्यबळाच्या हिशोबातलाच आकडा आहे. आशा कार्यकर्तीचेच पाहा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा नेमण्याचे ठरवले आणि ती त्याच गावची रहिवासी असावी अशी अट घातली. त्या अटीत भाषेचा प्रश्न न बोलता सुटला. गावाच्या बोलीतील प्रत्येक आडपडदा तिला कळतो. पण साऱ्या व्यवस्थेत ही अट फक्त तिलाच आहे, आणि तिलाच पगार नाही, मानधन आहे. प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत आणि तेथून हैदराबादेपर्यंत आजार जसजसा गंभीर होत जातो, तसतशी रुग्णाची भाषा जाणणारी माणसे कमी होत जातात. जेथे चुकीची किंमत सर्वांत मोठी, तेथे समजून घेणारे सर्वांत थोडे. आरोग्यसमता म्हणजे केवळ खाटा आणि यंत्रे यांचे समान वाटप असेल, तर हा दोष कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

चुकीची किंमत किती असू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील वैद्यकीय दुभाष्यांच्या प्रशिक्षणात वारंवार सांगितले जाते. १९८० साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. क्युबन घरातील माणसांनी ‘इंतोक्सिकादो’ असा शब्द वापरला. खाण्यापिण्यातून काही बाधले, असा त्यांचा आशय. डॉक्टरांनी तो इंग्रजीच्या वळणाने घेतला आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनावर उपचार सुरू केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले आणि प्रकरण सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटले. तेथील २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याखालील नियमांनी पुढे आणीबाणी वगळता लहान मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास मनाई केली. आमच्या मलकपेठेतील खोलीतली बारा वर्षांची नात मात्र तेच काम करत होती.

आपल्याकडे तत्त्व नाही असे नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत, आणि रुग्णाला त्याच्या समजेल अशा भाषेत माहिती देणे हे त्यांत अंतर्भूत आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये तर संमतीच्या व्याख्येतच व्यक्तीला समजेल अशा भाषेची अट आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या १९५६ च्या निवेदनाने ज्या भागात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करण्याचे तत्त्व घालून दिले. घरपट्टीची सूचना मराठीत मिळावी म्हणून आपण त्या तत्त्वाचा आधार घेतला. टाक्यांतून पाणी आले तर काय करावे, ही सूचना घरपट्टीहून कमी महत्त्वाची आहे काय?

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली कर्नाटकातील ८६५ गावांतील मराठी भाषकांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकाने आक्षेप घेतला आणि चर्चा सार्वभौमत्वाकडे वळली. त्या निर्णयामागील आपुलकी आम्ही नाकारत नाही. पण आरोग्यपत्र उपचाराचे पैसे देते, उपचार समजावून देत नाही. याच शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, आणि त्यासाठी येथील तरुणांना जर्मन शिकवण्याची तयारी केली. जर्मन रुग्णाशी जर्मनमध्येच बोलले पाहिजे, हे आपल्याला पटते. परिचारिकेला भाषा आल्याशिवाय तिकडे कामावर घेत नाहीत, यात कोणाला आडमुठेपणा दिसत नाही. मग किनवट आणि आदिलाबाद यांच्यात तेच तत्त्व परके का वाटावे?

येथे आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. सोलापुरात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. सिरोंच्यात तेलुगू, जत-अक्कलकोटात कन्नड बोलली जाते. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी बोलणारे रुग्ण मराठी डॉक्टरांपुढे तसेच अवघडून उभे राहतात, जशा आमच्या आजी हैदराबादेत उभ्या होत्या. त्यांच्यासाठी आम्ही आजवर एक ओळही लिहिली नाही, ही आमची चूक आहे. जो हक्क आपण मलकपेठेत मागतो तो किनवटात देत नसू, तर ती मागणी भाषेची उरत नाही, वर्चस्वाची होते.

म्हणून आमच्या मागण्या सीमेच्या दोन्ही बाजूंसाठी आहेत, आणि त्यांतील कोणतीही अवघड नाही. केसपेपरवर रक्तगटाशेजारी रुग्णाची भाषा लिहावी. नेमणुका आणि पाळ्या ठरवताना कोणाला कोणती भाषा येते याची नोंद प्रशासनाजवळ असावी. अनेक मोठ्या रुग्णालयांत मराठी जाणणारी परिचारिका, मावशी किंवा तंत्रज्ञ आधीच असतात, फक्त त्यांना विचारले जात नाही. त्यांना प्रशिक्षण, त्या कामाचा वेळ आणि त्याचा मोबदला द्यावा. मुलांना दुभाषे करू नये. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर पथ्य, औषधाच्या वेळा आणि धोक्याची लक्षणे एवढ्या पाच-सहा ओळी रुग्णाच्या भाषेत असाव्यात.

काम काही अंशी आपल्यालाच सुरू करता येईल. ‘दवाखाना’ हा शब्द मराठी, तेलंगणाची तेलुगू, दखनी आणि उत्तर कर्नाटकाची कन्नड या चारही भाषांनी आपला मानला आहे. ‘पथ्य’ तेलुगूतही ‘पथ्यं’च आहे. अशा सामायिक शब्दांची एक यादी आणि ‘जुलाब’, ‘तक्रार’ यांसारख्या फसव्या शब्दांची दुसरी यादी आम्ही तयार करत आहोत. तुमच्या गावात दुखण्याला, बाळंतपणाला, लहान मुलांच्या आजारांना जे शब्द वापरतात, ते कृपया आम्हांला लिहून कळवावेत. गावाचे नाव आणि शब्द कोणत्या वेळी वापरतात तेही लिहावे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून लिहिल्यास अधिक बरे. गोंडी, कोलामी जाणणाऱ्यांनी अवश्य लिहावे. यादी पुरी झाली, की ती आम्ही प्रथम मलकपेठ परिसरातील औषधांच्या दुकानांत नेऊन देणार आहोत, कारण आजींचा प्रश्न सुटला तो तेथेच.