समुद्रातून औषध सापडलं, तर फायदा कोणाचा?

रक्ताच्या कर्करोगावर 'सायटाराबिन' हे औषध अनेक दशकं वापरलं जातंय. त्याचं मूळ समुद्रात आहे. १९५०च्या दशकात कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजमध्ये वेगळेच रेणू सापडले. त्यांच्या धर्तीवर प्रयोगशाळेत हे औषध तयार झालं आणि १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

पण समुद्रातच का शोधायचं?

स्पंजला पळता येत नाही. दात नाहीत, नखं नाहीत. अशा जिवांचं संरक्षण रसायनं करतात. कोन स्नेल ही गोगलगाय तर विष टोचून मासे पकडते. त्याच विषातल्या एका घटकावरून 'झिकोनोटाइड' हे वेदनाशामक बनलं. मॉर्फिननेही न थांबणाऱ्या वेदनांसाठी ते थेट मणक्यातल्या द्रवात सोडतात.

मग अडतं कुठे?

पुरवठ्यावर. 'ट्रॅबेक्टेडिन' हे कर्करोगावरचं औषध सी स्क्वर्ट नावाच्या जिवात सापडलं. पण एक ग्रॅम औषधासाठी सुमारे एक टन सी स्क्वर्ट लागायचे. एवढे जीव काढत राहिलो, तर समुद्रात उरणार काय?

पुढे कळलं की हा रेणू त्या जिवाच्या शरीरात राहणारे जिवाणू बनवतात. आता हे औषध दुसऱ्याच एका जिवाणूपासून टाकीत तयार केलेल्या पदार्थावर प्रक्रिया करून बनतं. म्हणूनच आज शास्त्रज्ञांचं लक्ष सूक्ष्मजीवांकडे आहे. थोडासा नमुना आणायचा, त्याची जनुकं वाचायची आणि पुढचं काम प्रयोगशाळेत करायचं.

यात वाद कसला?

जनुकांची माहिती एकदा संगणकात आली की समुद्राकडे परत जावं लागत नाही. २०१८च्या एका अभ्यासानुसार, ८६२ सागरी प्रजातींच्या सुमारे १३ हजार जनुकक्रमांचा पेटंटमध्ये समावेश होता. त्यातले ४७ टक्के 'बीएएसएफ' या एकाच जर्मन कंपनीकडे होते.

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. त्यापलीकडचा, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश समुद्र कुठल्याच देशाचा नाही. तिथे आजवर 'ज्याची बोट, त्याचा शोध' असंच चालत होतं.

आता काय बदललं?

संयुक्त राष्ट्रांत जून २०२३मध्ये मंजूर झालेला 'बीबीएनजे' करार १७ जानेवारी २०२६ला लागू झाला. खुल्या समुद्रातून नमुने घेताना आता माहिती द्यावी लागेल आणि फायदाही वाटून घ्यावा लागेल. संगणकातली जनुकीय माहितीही त्यात येते.

भारताने सप्टेंबर २०२४मध्ये करारावर सही केली. ४,०७७ कोटी रुपयांच्या 'डीप ओशन मिशन'मध्ये खोल समुद्रातल्या सूक्ष्मजीवांचा शोधही आहे. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही सागरी जिवांमधल्या उपयुक्त रसायनांवर काम करत आली आहे.

पण पैशातला वाटा नेमका किती, हे करारात लिहिलेलं नाही. ते सदस्य देशांच्या परिषदेवर सोडलंय. ज्यांच्याकडे खोल समुद्रात जाणारी जहाजं नाहीत, त्या देशांसाठी खरा प्रश्न तिथेच आहे.