काटे आहेत, पण निवडुंग कोणता?

मराठी कुटुंब इंदूरला नांदत असो, बडोद्यास असो की हैदराबादेस. कुलदैवताच्या दर्शनासाठी त्याला पुष्कळदा दूरच्या मुलखाची वाट धरावी लागते. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वर हे असेच एक दैवत. शिवछत्रपतींनी १६६८ साली या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. नार्व्याला जाणारी किंवा पेडण्याच्या भगवतीची ओटी भरून परतणारी मंडळी वाटेत एखाद्या सड्यावर क्षणभर विसावतात. तेथे जांभ्या दगडाच्या कातळातून, माती म्हणून दिसत नसताना, पुरुषभर उंचीचे एक मांसल, काटेरी झुडूप उभे दिसते. कोणी म्हणतो निवडुंग, कोणी म्हणतो कॅक्टस, आणि वाद मिटण्यापूर्वीच घरातले एखादे चिरंजीव त्याची फांदी मोडून मोकळे होतात. यातली ही शेवटची गोष्ट टळावी आणि पहिला वादही नीट मिटावा, एवढ्यासाठी आज या झुडपाची ओळख कशी पटवावी ते सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मनात येते ते हे, की जेथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे वाळवंटी थाटाचे झाड आले कोठून? याचे उत्तर त्या सड्यातच आहे. कातळावर पडलेले पाणी उतारावरून वाहून जाते, आणि ऑक्टोबर सरला की पुढच्या मृगापर्यंत तो दगड नुसता तापत राहतो. म्हणजे चार महिने पूर आणि आठ महिने दुष्काळ. अशा जागी जे झाड खोडातच पाण्याचा साठा करील, उन्हाळ्यापूर्वी पाने गाळील आणि पानांचे काम हिरव्या खोडाकडून करून घेईल, तेच तगणार. अशा मांसल वनस्पतींपैकी पुष्कळ तर दिवसा आपली श्वासरंध्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात.

अडचण उभी राहते ती नावामुळे. निवडुंग या एका शब्दाखाली आपण दोन परकी घराणी एकत्र कोंबली आहेत. एक घराणे कॅक्टसचे. ते अमेरिका खंडातले. आपल्याकडचा चपट्या फडांचा फड्या निवडुंग हा त्यातला. दुसरे घराणे युफोर्बियाचे. वई, थोर, तिधारी निवडुंग आणि शेर ही त्यातली मंडळी. यालाच संस्कृतात स्नुही म्हणतात. गुजराथेत राहणारे आमचे वाचक त्यांना थोर म्हणून ओळखतील, उत्तरेकडचे थूहर किंवा सेहुंड म्हणून, कानडी व तमिळ मुलखातले कळ्ळी म्हणून, तर तेलंगणातले जेमुडू म्हणून. दोन्ही घराण्यांनी सारख्याच संकटावर सारखाच तोडगा काढला, म्हणून ती सारखी दिसतात. रक्ताचे नाते मात्र नाही. तेव्हा नाव विचारण्याआधी अंगलक्षणे पाहावीत, आणि तीही क्रमाने.

पहिले लक्षण काट्याचे; पण काटा किती टोकदार आहे हे न पाहता तो बसला कोठे हे पाहावे. कॅक्टसचे काटे एखाद्या लोकरीच्या ठिपक्यासारख्या उशीतून झुबक्याने निघतात. फड्या निवडुंगात त्याच उशीवर केसासारखे अतिबारीक काटेही असतात. ते बोटात मोडून राहतात आणि दिवसभर छळतात. सड्यावरच्या आपल्या झुडपाचे काटे मात्र लहानशा गाठीवर जोडीजोडीने बसलेले दिसतील. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे काटे म्हणजे देठाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांचेच रूपांतर. म्हणूनच काट्यांच्या त्या जोडीपाशी गळून गेलेल्या पानाचा वण सापडतो. जोडीचा काटा आणि जवळ पानाचा वण, एवढे दिसले की कॅक्टसचा प्रश्न जवळजवळ मिटला असे समजावे.

दुसरे लक्षण खोडाचे. फांदीला पंखासारख्या तीन ठळक धारा असतील तर तो तिधारी निवडुंग. गाठींच्या पाच रांगा किंचित पीळ घेत वर चढल्या असतील आणि त्यामुळे फांदी पंचकोनी भासत असेल, तर तो वई निवडुंग; शास्त्रात युफोर्बिया नेरीफोलिया. फांदी गोल, तिच्यावर धारा नाहीत, गाठी नुसत्या भोवताली विखुरलेल्या, असे असेल तर युफोर्बिया निवुलिया. हे नाव कानाला तरी आपल्या निवडुंगाचेच भाऊबंद वाटते. आणि काटा मुळीच नाही, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या हिरव्या कांड्यांचा नुसता गुंता, असे दिसले तर तो कोकणातल्या कुंपणांवरचा शेर. तो मूळचा आफ्रिकेतला.

तिसरे लक्षण पानाफुलांचे. पावसाळ्यात वई निवडुंगाच्या शेंड्याला जाड, चमच्याच्या आकाराच्या पानांचा झुबका असतो. हिवाळ्यानंतर पाहाल तर तेच झाड निष्पर्ण. एकाच झुडपाला दोन ऋतूंत दोन झाडे समजण्याची चूक येथेच होते. युफोर्बियाचे फूल म्हणून जे दिसते, तो वस्तुतः पिवळट किंवा तांबूस असा एक इवलासा पेला असून त्यात अनेक सूक्ष्म फुले दडलेली असतात. त्याचे फळ तीन कप्प्यांचे. फड्या निवडुंगाचे फूल मोठे, पुष्कळ पाकळ्यांचे, आणि त्याचे लाल बोंड तर सर्वांच्या परिचयाचे आहे.

चौथे लक्षण चिकाचे, आणि ते मुद्दामच शेवटी घेतले आहे. युफोर्बियाला जरा जखम झाली की पांढरा दाट चीक भळभळतो; कॅक्टसमधून पाणचट रस निघतो. परंतु हे पाहण्यासाठी फांदी मोडण्याचे कारण नाही. गुरांनी किंवा वाऱ्याने मोडलेल्या जागी वाळलेल्या चिकाचे पांढरे ओघळ असतातच. शिवाय चीक रुईलाही येतो. तेव्हा नुसत्या चिकावरून निर्णय देऊ नये. हा चीक कातडीवर फोड आणतो, आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा करून काही काळ दृष्टीही हिरावून घेतो. कित्येकदा आग काही तासांनी वाढते, म्हणून माणूस प्रथम गाफील राहतो. असे घडल्यास डोळा चोळू नये, पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. कोणतेही घरगुती औषध डोळ्यात घालू नये.

आपल्या पूर्वजांना ही दाहकता ठाऊक होती. चरकसंहितेच्या कल्पस्थानात सुधाकल्प नावाचा अध्याय याच झाडाला वाहिलेला आहे. त्यात थोड्या काट्यांचा आणि पुष्कळ काट्यांचा असे स्नुहीचे दोन प्रकार सांगून दुसरा श्रेष्ठ मानला आहे. चीक काढावा तो दोन-तीन वर्षांच्या झाडाचा, शिशिराच्या अखेरीस, असेही सांगितले आहे. म्हणजे काटे मोजून जात ठरविण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. भगंदरावर वापरतात त्या क्षारसूत्राच्या दोऱ्याला आजही याच चिकाची पुटे देतात. परंतु ज्या ग्रंथाने याला औषध म्हटले, त्यानेच हे रेचकांत अतितीक्ष्ण असल्याचा इशारा दिला आहे. खोकल्यासाठी पान भाजून रस देण्याची चाल काही घरांत आहे. जाणत्या वैद्याच्या सल्ल्यावाचून, आणि विशेषतः मुलांच्या बाबतीत, तिच्या वाटेस जाऊ नये असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

झाडे ओळखण्याच्या या कामात परमुलखात स्थायिक झालेल्या आपल्या लोकांचाही वाटा आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ निघाला. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तो सिद्ध केला, तेव्हा कोचीच्या कोकणी समाजातील रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांनी त्याला साहाय्य केले. १६७५ सालचे त्यांचे नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र ग्रंथाच्या आरंभी छापलेले आहे. दुसऱ्या खंडात तीन कळ्ळी चित्रांसह दिल्या आहेत. त्यांतील 'तिरुकळ्ळी' हे मलबारी नाव लिनियसने १७५३ साली जसेच्या तसे उचलले, आणि आपला शेर जगभर युफोर्बिया तिरुकळ्ळी झाला.

ओळख चुकली तर काय होते, याचाही एक दाखला आहे. १७९५ साली कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधून किरमिजी रंग देणारे कीटक कलकत्त्यास आणले. ईस्ट इंडिया कंपनीला हवी होती उत्तम रंगाची जात. आली ती हलकी, रानटी जात. रंगाचा धंदा बुडाला. किड्यांनी मात्र दक्षिणेत माजलेल्या फड्या निवडुंगाची एक जात जवळजवळ नाहीशी केली. त्या निवडुंगाच्या दुसऱ्या जातीला मात्र त्यांनी तोंड लावले नाही. तिच्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून निराळा कीटक आणावा लागला. माणसाने जी जात ओळखली नाही, ती किड्याने अचूक ओळखली!

आज पेडण्यातील मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला आहे. २०२३ च्या जानेवारीपासून तेथे विमानांची नियमित ये-जा सुरू झाली. डिचोलीचे कित्येक डोंगर लोहखनिजासाठी खणले गेले. सडा म्हणजे ओसाड माळ, अशी समजूत असल्यामुळे त्याचे काही गेले तर कोणाला चुटपुट लागत नाही. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते त्याचीच आठवण आपण काढतो. तेव्हा पुढच्या यात्रेत मुलांच्या हाती एक वही द्यावी. काट्यांची जोडी, खोडाच्या धारा, पानांचा झुबका यांचे चित्र हात न लावता काढू द्यावे. खाली महिना आणि गाव लिहावे. मग तेथल्याच एखाद्या वडीलधाऱ्यांना त्यांच्याकडचे नाव विचारून तेही टिपून घ्यावे, आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या कुंपणावरचा थोर किंवा कळ्ळी त्या चित्राशी ताडून पाहावी.