कालवं आणि बॅकअप

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात इंटरनेटच्या दोन लायनी होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक गेली तर दुसरी आहेच, असं आम्ही छाती फुगवून सांगायचो. एका शुक्रवारी रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने दोन्ही एका फटक्यात तोडल्या. केबली एकाच चरातून आल्या होत्या!

परवा अणुवीज केंद्रांबद्दल वाचताना हे आठवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्समधल्या ग्रावलिन केंद्रात समुद्राचं पाणी घेणाऱ्या पंपांच्या गाळण्यांत जेलीफिश अडकल्या आणि चार अणुभट्ट्या बंद पडल्या. बातमी जगभर गाजली. पण खरं तर यंत्रणेने काम चोख केलं. जेलीफिश दारातच अडकते, लगेच कळतं, भट्टी आपोआप थांबते.

मला जास्त भीती वाटते ती कालवांची. त्यांची पिल्लं एवढी बारीक की गाळणीतून आरामात आत जातात, पाइपाला चिकटतात आणि तिथेच संसार थाटतात. वाहतं पाणी, आयतं खाणं, अजून काय पाहिजे? म्हणून पाण्यात क्लोरीन सोडतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्रन्सविक केंद्रात हे क्लोरीन बराच काळ बंद राहिलं. एप्रिल १९८१ मध्ये तिथली एक भट्टी देखभालीसाठी बंद होती. पण भट्टी बंद केली तरी इंधनातून उष्णता निघतच राहते, ती काढावीच लागते. ती काढणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी शिंपले साचले होते. आणखी एक पंप सुरू केल्यावर आतला पडदा दाबाने निकामी झाला आणि पाणी नळ्यांना बगल देऊन गेलं. मग बॅकअप? तो दुरुस्तीला काढलेला, कारण त्याचाही पडदा आधीच वाकला होता! दुसऱ्या मार्गाने भट्टी थंड ठेवता आली, म्हणून निभावलं.

म्हणजे यंत्रं दोन, पण पाणी एकच, आणि दुर्लक्षही एकच. १९८९ साली अमेरिकन नियामकाने सगळ्याच केंद्रांना या पाण्याच्या यंत्रणेच्या नियमित तपासण्या करायला सांगितलं.

आपल्याकडे तारापूर आणि कल्पाक्कमही समुद्राकाठीच आहेत. जैतापूरचा वाद निघाला की भूकंपावर तावातावाने बोललं जातं. बोलावंच. पण मी दोन साधे प्रश्नही विचारीन: क्लोरीन बंद पडलं तर कुणाला, किती तासांत कळेल? आणि हीट एक्स्चेंजर शेवटचा कधी उघडून पाहिला?

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की तुमची दुसरी केबल कुठून येते ते जरा बघा :)