शिफारसपत्र नावाचा गद्यप्रकार

आमच्या मराठी विभागाचा सूचनाफलक वर्षभर भरलेला असतो. नेट-जेआरएफची जाहिरात, बार्टी, सारथी, महाज्योतीच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, कुठल्याशा भाषांतर कार्यशाळेची सूचना, एखाद्या प्रकाशकाकडची उमेदवारी. एका कागदावर दुसरा कागद चढतो आणि खालच्याची मुदत टळते. शिवाय हेच सारे विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर आम्ही पुढे ढकलतो आणि विद्यार्थ्यांना संधींची माहिती दिली, या समाधानात राहतो. विभागाच्या वार्षिक अहवालात तशी नोंदही होते.

संधींच्या नावाने मराठीच्या विद्यार्थ्याला काहीच उपलब्ध नाही, ही तक्रार आता खरी नाही. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम दरमहा ३७,००० रुपये झाली. नेटची परीक्षा मराठी विषयातही देता येते. तरीही सूचना आणि विद्यार्थी यांच्यामध्ये काहीतरी अडते. ते काय, याचा विचार करताना मला अन्य कुणाकडे बोट दाखविण्याआधी माझ्याच एका पत्राची आठवण सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक विद्यार्थिनी होती. तिची आई गावातल्या महिला बचत गटाची सचिव. गटाच्या दहा-बारा वर्षांच्या इतिवृत्तवह्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत होत्या. चौथी-पाचवीपर्यंत शिकलेल्या बायकांनी आळीपाळीने लिहिलेले ते इतिवृत्त तिने अंतर्गत मूल्यमापनाच्या निबंधासाठी वाचले. ‘सर्वानुमते ठराव मंजूर’ ही कचेरीतली भाषा पहिल्या ओळीत, आणि चौथ्या ओळीत हप्ता चुकविणाऱ्या बाईच्या घरी काय घडले ते थेट बोलीत. पहिल्या वह्यांत या दोन भाषा वेगवेगळ्या राहतात. पुढच्या वह्यांत त्या एकमेकींत मिसळतात आणि हळूहळू त्या बायकांची स्वतःची अशी लेखी मराठी तयार होते, असे तिचे निरीक्षण होते. निबंधाला मी चांगले गुण दिले. वर्गात त्याविषयी एक शब्दही बोललो नाही.

त्याच वर्षी तिने परदेशातील एका विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा-संस्कृतींच्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज केला. “सर, दोन दिवसांत पत्र मिळेल का?” असे तिने संकोचत विचारले. माझ्याजवळ इंग्रजीतले एक तयार पत्र होते. नाव बदलले, तारीख बदलली, सही केली. होतकरू, नम्र, अभ्यासू, वर्तणूक उत्तम, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. सात ओळी. तिला नकार आला. पुढे कधीतरी जुन्या फायली आवरताना त्या पत्राची प्रत हाती लागली तेव्हा दिसले की तिसऱ्या ओळीत तिच्यासाठी पुल्लिंगी सर्वनाम राहून गेले होते. आधीच्या वर्षी ते पत्र एका मुलासाठी वापरले होते. नकार त्या एका सर्वनामामुळे आला असे मी म्हणणार नाही. पण दूरवर बसलेल्या ज्या कुणी ते पत्र वाचले असेल, त्याला एवढे नक्की कळले असेल की या मुलीला तिच्या शिक्षकाने वाचलेले नाही. बचत गटाच्या वह्यांचा त्या पत्रात उल्लेखही नव्हता.

आपण साहित्याची माणसे आहोत, तेव्हा याकडे एक गद्यप्रकार म्हणून पाहू. आपल्याकडे शिफारसपत्र ‘चारित्र्याचा दाखला’ या पूर्वजाच्या घरात वाढले. दाखल्याचे काम नकारात्मक असते: या व्यक्तीविरुद्ध आमच्याकडे काही तक्रार नाही. म्हणून त्याची भाषा मुद्दामच कुणालाही लागू पडेल अशी घडविलेली असते. शिफारसपत्राकडून याच्या नेमकी उलट अपेक्षा असते. ते दुसऱ्या कुणालाही लागू पडता कामा नये. या विद्यार्थ्याने काय पाहिले, कसे पाहिले, कुठे चुकला आणि चूक कळल्यावर काय केले, हे त्यात यावे लागते. म्हणजे ते विद्यार्थ्यावरचे समीक्षालेखन आहे. आणि समीक्षा शिकविणारे आम्हीच त्याच्या जागी दाखला पाठवितो.

इतिहासात डोकावले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आपण ज्यांना संधीचे सोने करणारी माणसे म्हणतो, त्यांच्या कथेत कुठेतरी एक लक्षपूर्वक वाचणारा उभा असतो. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात नकारात्मक उत्तरासह छापला गेला. खरे तर ते प्रकरण तिथेच संपायचे. परंतु न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या असताना तो मजकूर वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. १८८३ साली परदेशी निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी श्रीरामपूर येथे, बंगालमध्ये, जाहीर भाषण केले. लोक विचारीत होते ते प्रश्न एकेक करून घेतले आणि आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले. तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. आज अर्जासोबत जे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ मागतात, त्याचा इतका निर्भय नमुना आपल्याच परंपरेत आहे आणि आपण तो कधी त्या दृष्टीने वर्गात वाचला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, हे सर्वांना पाठ असते. त्यामागचा माणूस आपण घाईने ओलांडतो. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि मराठी चरित्रकार. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचीत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेस पडला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे कॉलेजचे शिक्षण पैशाअभावी थांबण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कोलंबियाची वाट या २५ रुपयांवरून जाते. केळुसकरांनी त्या मुलाविषयी जे सांगितले असेल ते दाखल्याच्या भाषेत खचितच नसेल, कारण त्यांनी तो मुलगा वाचताना पाहिला होता.

तिसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातल्या एका खेड्यातून, औपचारिक पदवीशिवाय, पालीच्या ओढीने नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास केलेला हा माणूस. सयाजीरावांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ सिद्ध करावा. आजच्या कुठल्याही अधिछात्रवृत्तीच्या नियमावलीपेक्षा ही अट मला अधिक शहाणी वाटते. आणि महाराष्ट्रात राहणारा हाच अभ्यासक १९१० साली विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेला.

‘पण मराठीसाठी परदेशी कशाला जायचे?’ हा प्रश्न इथे येणारच. तो केवळ चहाच्या टेबलावरचा प्रश्न राहिलेला नाही. २०२२ साली केंद्र सरकारने अनुसूचित जाती व अन्य काही वंचित घटकांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय तिच्या कक्षेतून वगळले. अशा विषयांसाठी परदेशी जाण्याची गरज नाही, इथेच साधने आहेत, असे त्यामागचे कारण सांगितले गेले. वरवर पाहता ते पटण्याजोगे आहे. पण शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली प्रकाशित झाला, तो पुण्याचे पांडित्य आणि ॲरिझोनातले अध्यापन यांच्या दीर्घ सहकार्यातून. हायडेलबर्गच्या गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि खंडोबाचे दैवतविश्व यांवर आयुष्य वेचले. अमेरिकन विद्यार्थी अभ्यासवृत्ती घेऊन मराठी शिकायला पुण्यात येत राहिले. म्हणजे मराठीचा अभ्यास करण्यासाठी समुद्र ओलांडणे हास्यास्पद नाही. फक्त तो एकाच दिशेने ओलांडला जावा, अशी आपण व्यवस्था करून ठेवली आहे. आपल्या भाषेकडे दुरून, इतर भाषांच्या शेजारी ठेवून पाहण्याची मुभा बाहेरच्याला असावी आणि बचत गटाच्या सचिवाच्या मुलीला नसावी, हे मला मान्य होत नाही.

अर्थात, दोष सगळा नियमावलीचा नाही. विद्यार्थ्यांची हेतुनिवेदने मी अलीकडे आवर्जून वाचतो. जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात ‘मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे’ अशी असते आणि शेवट मायबोलीची सेवा करण्याच्या निर्धारात होतो. मधे प्रश्न नसतो. मुलांना प्रश्न पडत नाहीत असे नव्हे. पाच वर्षे आपण त्यांच्याकडून ‘अमुक समीक्षकांच्या मते’ आणि ‘असे म्हटले जाते’ या वाक्यांनी उत्तरपत्रिका भरून घेतो. ‘मला असे दिसले’ हे वाक्य लिहिणाऱ्याचे गुण आपण कापतो, निदान आपण कापू अशी भीती तरी त्याला घालतो. मग एके दिवशी अर्जाचा नमुना त्याला विचारतो की तुला काय शोधायचे आहे, आणि त्याच्याजवळ ‘मी’ने सुरू होणारे एकही अभ्यासू वाक्य नसते. याला इंग्रजी कच्चे असणे हे कारण सांगण्याची सोय आहे. परंतु मराठीत नसलेला प्रश्न इंग्रजीत कुठून येणार?

उमेदवारीचीही तीच गत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून एम.ए.च्या पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्पासाठी चार श्रेयांक आले. कल्पना उत्तम. वर्तमानपत्राचे कार्यालय, मुद्रणालय, जुने ग्रंथालय, आकाशवाणी केंद्र, तालुक्याच्या कचेरीतला अभिलेख कक्ष, अशा कितीतरी जागी मराठीच्या विद्यार्थ्याला करण्याजोगे काम आहे. पण पुष्कळदा हाती येते ते शिक्क्याचे प्रमाणपत्र. ‘समाधानकारक काम केले’ असे त्यावर छापलेले असते. पुन्हा दाखलाच. एखाद्या विद्यार्थ्याने शंभर वर्षांच्या नगर वाचनालयात बसून पन्नास पुस्तकांच्या दाखलखारिज नोंदी तपासल्या आणि त्यावर चार पाने लिहिली, तर त्या चार पानांवरून शिक्षकाला शिफारसपत्र लिहिता येते. शिक्क्यावरून येत नाही.

माझे सहकारी यावर म्हणतील की हे सारे लिहायला वेळ कुठे आहे. विभागात पदे रिक्त, निम्मे तास तासिका तत्त्वावरच्या तरुणांच्या खांद्यावर, आणि उरलेला वेळ माहिती भरण्यात. हे खरे आहे. मीही त्यातलाच आहे. हेही खरे आहे की पत्र कितीही चांगले असले तरी इंग्रजीच्या परीक्षेचे शुल्क, व्हिसासाठी दाखवायची रक्कम आणि निकाल लागण्यातला उशीर यांवर ते उपाय नव्हे. पण या अडचणी सोडविणे माझ्या हाती नाही म्हणून जे हाती आहे तेही सोडून द्यावे, हा तर्क मला आता पुरेसा वाटत नाही. दर वर्षी दोन-तीन विद्यार्थी असे पत्र मागतात. तीस नव्हे.

म्हणून मी स्वतःपुरते काही ठरविले आहे. तयार पत्र पुसून टाकले आहे. पत्र मागायला येणाऱ्याने आपले एखादे लेखन सोबत आणावे आणि त्यावर अर्धा तास माझ्याशी बोलावे, अशी विनंती करतो. प्रथम वर्षापासून प्रत्येक सत्रात एक निबंध असा देतो की ज्यात कुणाचेही मत उद्धृत करायचे नाही. ही फार मोठी सुधारणा नव्हे. पहिल्या निबंधांत मुले गोंधळतात, रागावतातही. तिसऱ्या निबंधापर्यंत काहींच्या हाती स्वतःचा प्रश्न लागलेला असतो.

ती विद्यार्थिनी आता शेजारच्या तालुक्यात तासिका तत्त्वावर शिकविते. गेल्या वर्षी पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्तीसाठी तिला पुन्हा पत्र हवे होते. या वेळी मी तिचा जुना निबंध मागवून घेतला, वह्यांची छायाचित्रे पाहिली आणि चार संध्याकाळी बसून दीड पान लिहिले. तपशील चुकू नयेत म्हणून मसुदा तिला दाखविला. एका वाक्यात मी त्या बायकांना ‘अल्पशिक्षित’ म्हटले होते. त्याखाली तिने पेन्सिलीने रेघ मारून परत पाठविले आणि फोनवर म्हणाली, “सर, माझा सगळा मुद्दाच हा आहे की त्या इतिवृत्त लिहायला शिकल्या. तुम्ही त्यांना जिथून सुरुवात झाली तिथेच ठेवलंय.” मी शब्द बदलला. तिच्याविषयीचे जे वाक्य इतकी वर्षे मला लिहायचे होते, ते त्या फोननंतर सुचले आणि पत्राच्या पहिल्या ओळीत गेले. अर्जाचा निर्णय अजून लागायचा आहे.