छोटे शस्त्र, मोठी जबाबदारी

ग्वाल्हेर आणि चंबळच्या पट्ट्यात परवान्याची बंदूक असलेली घरे काही थोडीथोडकी नाहीत. समजा, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारे एक मराठी कुटुंब आहे. घरच्या कर्त्याचा पेट्रोलपंप आहे. रोज रात्री दहाच्या सुमारास दिवसभराची रोकड घेऊन तो स्कूटरवरून घरी येतो. दोनदा कोणीतरी त्याचा पाठलाग केला. पोलिसांत तक्रार दिली, तरी मनातली भीती गेली नाही. अखेर जेवताना तो विषय काढतो, ‘‘परवाना काढून एखादे छोटे पिस्तूल घ्यावे म्हणतो. शर्टाखाली दिसणार नाही असे.’’ पत्नी क्षणभर थांबून विचारते, ‘‘अहो, पण घरी आल्यावर ते ठेवणार कुठे?’’

शस्त्र निवडताना खरे तर याच प्रश्नापासून सुरुवात व्हायला हवी. बहुतेक जण मात्र दुकानातल्या काचेच्या कपाटापासून सुरुवात करतात.

आधी परवाना

शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणे हा गुन्हा आहे. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. अर्ज जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडे करायचा असतो. त्यानंतर पोलीस चौकशी करतात आणि शस्त्राची गरज खरी आहे का, हे पाहिले जाते. शस्त्र नियम २०१६ मध्ये सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणि घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी यांनाही स्थान आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

सैन्य आणि पोलीस वापरतात ते ९ मि.मी.चे पिस्तूल सर्वसामान्य नागरिकाला मिळत नाही. स्वसंरक्षणासाठी घेतली जातात ती मुख्यतः .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले. ते खास स्त्रियांसाठी म्हणून गाजले. पर्समध्ये मावेल इतके छोटे, हे त्याचे आकर्षण होते.

पण छोटे शस्त्र चालवायला सोपे असते, हा गैरसमज आहे. शस्त्र जितके हलके, तितका त्याचा झटका हाताला जास्त जाणवतो. नळी आखूड असली की नेम धरण्यातली लहानशी चूकही मोठी होते. मूठ लहान असेल, तर करंगळीला आधार मिळत नाही. म्हणून नवशिक्याने सर्वांत लहान नव्हे, तर आपल्या मुठीत नीट बसणारे शस्त्र पाहावे. घोड्यापर्यंत बोट सहज पोहोचते का, हेही तपासावे.

रिव्हॉल्व्हरची रचना सरळ असते. चक्र बाहेर काढले की काडतुसे आहेत की नाहीत, ते डोळ्यांना दिसते. पिस्तूल चपटे असल्यामुळे कपड्याखाली चांगले लपते, पण त्यात एक धोका आहे. मॅगझिन काढले तरी एक काडतूस आत नळीच्या तोंडाशी राहिलेले असू शकते. ‘रिकामे आहे’ असे समजून झालेल्या अनेक अपघातांचे मूळ इथेच असते.

काडतुसांची गल्लत

परवान्यावर दोन्हींपुढे .३२ लिहिलेले असले, तरी रिव्हॉल्व्हरचे काडतूस वेगळे आणि पिस्तुलाचे वेगळे. एकाचे दुसऱ्यात कधीही वापरू नये. पुण्याच्या खडकी कारखान्यातल्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी आणि ती परवान्यावर नोंदवून घ्यावी. गंज चढलेली, दबलेली किंवा ओल लागलेली काडतुसे वापरू नयेत. सरावात घोडा ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी दुसरा बार मुळीच काढू नये.

होल्स्टर हवेच

हजारो रुपये शस्त्रावर खर्च करून ते खिशात किंवा किल्ल्यांच्या जुडग्यासोबत पर्समध्ये टाकणारे लोक आहेत. असे करणे घातक आहे. होल्स्टर त्याच शस्त्राच्या मापाचे हवे. त्यात घोडा पूर्ण झाकला गेला पाहिजे. धावताना किंवा वाकताना शस्त्र निसटता कामा नये. त्यासाठी कमरेचा पट्टाही जाड आणि घट्ट लागतो. पर्समध्येच ठेवायचे असेल, तर त्यासाठी स्वतंत्र कप्पा असावा आणि ती पर्स दुकानाच्या काउंटरवर किंवा लग्नघरातल्या पलंगावर कधी सोडू नये.

सार्वजनिक जागी शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे, असे २०१६ चे नियमच सांगतात. ते काढून मिरवण्यास मनाई आहे. वरातीत हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गोळी कधी झाडता येते?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कायम आहे, पण त्याला मर्यादा आहेत. बचावासाठी जरूर असेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घेण्याइतका अवधी असेल, तर हा हक्क उरत नाही. धोका टळल्यावर पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर न्यायालयात जाब द्यावा लागेल.

आता त्या पत्नीचा प्रश्न. शस्त्र कुलूपबंद तिजोरीत, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ली मालकाजवळ, हे त्याचे उत्तर. उशीखाली किंवा कपड्यांच्या घडीत नाही. लपवलेल्या वस्तू मुलांना मोठ्यांच्या आधी सापडतात. घरात कोणाला दारूचे व्यसन असेल, कोणी खूप निराश असेल किंवा रागाच्या भरात भान हरपत असेल, तर शस्त्र आणूच नये. बाहेरच्या चोरासाठी आणलेली गोळी घरच्याच माणसाला लागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पेट्रोलपंपाच्या मालकाने आधी रोकड दिवसाउजेडी बँकेत भरण्याची सोय करावी, रोजचा रस्ता आणि वेळ बदलावी, सोबतीला माणूस घ्यावा. एवढे करूनही गरज उरली, तर परवान्याचा अर्ज जरूर करावा. मात्र पिस्तुलाच्या आधी तिजोरी विकत घ्यावी.